मुलगी बारावीत आहे आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या सराव चाचणीत गुण घसरले की घरात वाद होतो. पालकांनी काय करावे?

निकाल आला त्या संध्याकाळी गुणांविषयी काहीही बोलू नका. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसून चुका कोणत्या प्रकारच्या होत्या, एवढेच पाहा. नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी हे सतत पाहते की निकालाचा संदेश पालकांच्या मोबाईलवर आधी पोहोचतो आणि मुलीने दप्तर खाली ठेवण्यापूर्वीच "किती आले?" असे विचारले जाते, मग ती चुकलेले प्रश्न दाखवण्याऐवजी लपवू लागते आणि सराव चाचणीचा खरा उपयोगच संपतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजाने सोडवलेले 10 प्रश्न चुकले तर 10 गुण जातात. हे नुकसान बुद्धीचे नसून सवयीचे असते, आणि सवय बदलता येते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील 85 टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात, म्हणून नागपूरचे मेडिकल किंवा मेयो हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मनात असेल तर देशपातळीवरील क्रमांकाने घाबरून न जाता राज्याच्या मागील प्रवेश फेऱ्यांचे कटऑफ (प्रवेश मिळालेले शेवटचे गुण किंवा क्रमांक) पाहावेत (हे काम पालकांनीच करावे, तिचा वेळ त्यात घालवू नये). मात्र तिची झोप किंवा जेवण अनेक दिवस बिघडलेले असेल, ती कोणाशी बोलेनाशी झाली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर हे उपाय पुरेसे नाहीत. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.