जपमाळ म्हणता म्हणता झोप लागते, देवाला राग येत असेल का?

"ताई, मी नायगावला राहते, जॉब अंधेरीला, मुलगी 10 महिन्यांची. रोज रात्री 9 वाजता घरात जपमाळ असते आणि तिसऱ्या रहस्याला, म्हणजे पाचपैकी तिसऱ्या भागाला, माझे डोळे मिटतातच. सासूबाई म्हणतात मोबाईलला वेळ आहे, देवाला नाही. आई जाऊन 7 महिने झाले, तेव्हापासून तसंही प्रार्थनेत मन लागत नाही. मी वाईट ख्रिस्ती आहे का?"

अगं नाही गं, अजिबात नाही. पहाटे उठून डबे, बाळाचं सगळं, मग त्या गर्दीतून लोकल, दिवसभर ऑफिस, परत तेच, आणि रात्री 9 ला बसल्यावर झोप नाही येणार तर काय येणार. लिझ्यूची संत तेरेजा माहितीये ना, 1897 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी गेली ती, मठात राहणारी जोगीण, तिलाही प्रार्थनेत झोप लागायची आणि तिने स्वतः लिहून ठेवलंय की आईबापांना लेकरू जागं असताना जितकं आवडतं तितकंच झोपेतही आवडतं. तुझी मुलगी मांडीवर झोपली की तू रागावतेस का तिच्यावर?

पण मला तुझ्या पत्रातलं खरं दुखणं झोपेचं वाटलं नाही. आईचं तू एका ओळीत उरकलंस. प्रार्थनेत मन लागत नाही म्हणतेस, मला वाटतं तू देवावर रागावली आहेस आणि ते बोलायची भीती वाटतेय म्हणून गप्प बसली आहेस. बायबल उघड आणि 13 वं स्तोत्र वाच, फक्त 6 ओव्यांचं आहे, सुरुवातच 'कुठवर, परमेश्वरा' अशी, तू मला विसरलास का असं सरळ विचारलंय त्यात. आणि 88 वं तर काळोखातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे रडणं, भांडणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे गं. आईशिवाय करमत नाही, तू तिला का नेलंस, हे असंच्या असं त्याला सांग, आपल्या घरच्या बोलीत सांग, पुस्तकातले शब्द नकोत.

आता वेळेचं. वेगळा अर्धा तास शोधत बसू नकोस, तो मिळणार नाही आणि मग परत अपराधी वाटणार. सकाळी नायगाव सोडलं की लगेच खाडीचा पूल लागतो, तिथून जपमाळेचं एक दशक, म्हणजे 10 नमो मरियांचा एक भाग, सुरू कर, माळ काढायला जागा नसली तर 10 बोटं आहेतच, 10 नमो मरिया बोटांवर होतात, बास. संध्याकाळी येताना बोरिवली गेलं की मोबाईल पर्समध्ये टाक आणि संत इग्नाशियसने सांगितलेलं आत्मपरीक्षण कर, त्यांनीच स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट) फादर लोक दिवसातून दोनदा करतात ते. आज काय चांगलं मिळालं त्याचे आभार मानायचे, मग देवाला म्हणायचं मला नीट बघू दे, मग सकाळपासूनचा दिवस हळूहळू आठवायचा, कुठे चिडले, कुणाला तोडून बोलले, चुकलं तिथे माफी मागायची आणि उद्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरवायची. भाईंदरपर्यंत होतं सगळं. कधी दहिसरलाच डुलकी लागली तर लागू दे.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना सांग, आई, मी पहिलं दशक तुमच्यासोबत मोठ्याने म्हणते, मग बाळाला निजवायला जाते. आणि नवऱ्याला सांग की आठवड्यातले दोन दिवस बाळ त्याने निजवायचं, हे काही फक्त तुझं काम नाही. रडू थांबतच नसेल किंवा बाळ झोपल्यावरही तुला झोप येत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, फादरशीही बोल, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाशील तेव्हा मुलीला सोबत ने, आणि आजीला नातीच्या सगळ्या नव्या करामती सांग.