गणित आवडतं आणि फायनान्सबद्दल कुतूहल आहे. दोन्ही एकत्र असलेली पदवी घ्यावी का?

घ्या, पण ही गणिताची पदवी आहे हे मनाशी पक्कं करून घ्या.

तुम्ही दोन शंका लिहिल्या आहेत. जोड अभ्यासक्रमात दोन्ही विषय अर्धवट राहतील का, ही एक. आणि शेवटी नोकरीच करायची असेल तर प्रमेयं आणि सिद्धता कशाला, ही दुसरी. मी हीच पदवी केली आणि पुढे जोखीम मोजण्याच्या कामात आले. म्हणून दुसऱ्या शंकेवर जरा जास्त लिहिते, पहिलीचं उत्तर त्यातच येईल.

पहिल्या वर्षात फार धक्का बसत नाही. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, थोडं प्रोग्रॅमिंग, आणि फायनान्सच्या बाजूने व्याज, बाँडची किंमत, पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते, कारण तेव्हा रिअल अॅनालिसिस (मर्यादा आणि सातत्य यांचं काटेकोर गणित) आणि संभाव्यता एकदम समोर येतात. शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणं असतं. इथे उत्तर आधीच दिलेलं असतं आणि ते का खरं आहे हे ओळ न् ओळ दाखवायचं असतं. शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलंही या टप्प्यावर अडखळतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रोज थोड्या सिद्धता स्वतःच्या हाताने लिहीत राहिलं की काही महिन्यांत हात बसतो.

आता एक उदाहरण घेऊ. एका शेअरचा आजचा भाव १०० आहे. वर्षाअखेरीस तो १२० होईल किंवा ९०, तिसरी शक्यता नाही. व्याजदर शून्य धरा. वर्षाअखेरीस हा शेअर १०० ला विकत घेण्याचा हक्क, म्हणजेच कॉल ऑप्शन, आज केवढ्याला विकावा? भाव १२० झाला तर त्या हक्काचे २० मिळतात, ९० झाला तर काहीच नाही. बहुतेक जण लगेच विचारतात, भाव वाढण्याची शक्यता किती? पण तो प्रश्न इथे लागतच नाही. ६० उसने घ्या आणि दोन तृतीयांश शेअर विकत घ्या. भाव १२० झाला तर तुमच्या शेअरचे ८० होतात, ६० फेडून २० उरतात. ९० झाला तर ६० होतात, कर्ज फिटतं आणि हातात शून्य. म्हणजे ऑप्शन जे देतो तेच तुम्ही दुसऱ्या वाटेने तयार केलंत, आणि त्याला खर्च आला ६६.६७ वजा ६०, म्हणजे ६.६७. ऑप्शनची किंमत तेवढीच हवी. कमी किंवा जास्त असेल तर कुणीतरी जोखीम न घेता नफा काढील.

शेअर वर जाईल की खाली, याबद्दल आपण एक शब्दही न बोलता किंमत काढली. मला या विषयाची गोडी लागली ती याच जागी. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल म्हणजे अशाच पायऱ्या एकापुढे एक. पायऱ्या लहान लहान करत गेलात की मर्यादेत ऑप्शनची किंमत काढणारं १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र मिळतं. ‘मर्यादेत मिळतं’ हे दोन शब्द नीट समजायचे तर अॅनालिसिस लागतं. त्यामागचं समीकरण तर चलं बदलली की धातूच्या सळईत उष्णता कशी पसरते ते सांगणारं समीकरण होतं. आणि भावांच्या चढउतारांसाठी ब्राउनियन गतीचं, म्हणजे द्रवातल्या कणांच्या यादृच्छिक हालचालीचं, गणित लुई बाशेलिए यांनी १९०० च्या प्रबंधात वापरलं होतं, त्याच गतीवरच्या आइनस्टाइनच्या लेखाच्या पाच वर्षं आधी. हे दोन विषय कुणी सोयीसाठी एकत्र बांधलेले नाहीत. म्हणून नीट आखलेल्या अभ्यासक्रमात ते अर्धवट राहत नाहीत.

सिद्धता कशाला, याचं उत्तर मला कामावर जास्त पटलं. १९५२ मध्ये मार्कोविट्झ यांनी पोर्टफोलिओची, म्हणजे एकत्र घेतलेल्या शेअरच्या संचाची, जोखीम कशी मोजायची ते मांडलं: शेअर एकमेकांसोबत किती हलतात ते बघा आणि जोखीम कमीत कमी राहील अशी वाटणी करा. समजा, १०० शेअर आहेत. मग सहप्रसरणाच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणते दोन शेअर एकमेकांसोबत किती हलतात त्याच्या तक्त्यात, ५,०५० वेगवेगळे आकडे लागतात. तुमच्याकडे पाच वर्षांचे महिनेवारी परतावे आहेत, म्हणजे प्रत्येक शेअरच्या ६० नोंदी. लिनियर अल्जिब्रा सांगतं की अशा मॅट्रिक्सची रँक, म्हणजे त्यातल्या एकमेकांपासून स्वतंत्र ओळींची संख्या, ५९ च्या वर जाऊच शकत नाही. याचा अर्थ, जोखीम शून्य दिसेल अशी वाटणी त्यात सापडणारच. शॉर्ट सेलिंगला (उसना घेतलेला शेअर विकायला) मुभा असेल तर संगणक ती वाटणी विनातक्रार काढून देतो. कागदावर शून्य, बाजारात अजिबात नाही. सॉफ्टवेअर चालवता येणाऱ्याला तो आकडा सुंदर वाटतो. ज्याने रँकचं प्रमेय मनापासून केलंय तो तिथेच थांबतो आणि डेटा पुरेसा नाही म्हणतो. दुसऱ्याचे पैसे सांभाळताना हे थांबणं फार महत्त्वाचं असतं.

गृहीतकं तुटतात तेव्हा मोठी माणसंही सुटत नाहीत. वरच्या सूत्रातले शोल्स आणि त्याच विषयावर काम करणारे मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते दोघे भागीदार असलेला लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड पुढच्याच वर्षी कोसळला. प्रमेय चुकीचं ठरत नाही, पण त्याच्या अटी बाजार पाळेलच असं नसतं, आणि कर्ज काढून खेळलं की चूक कैक पटींनी वाढते. चांगल्या वर्गात हे सूत्रांइतकंच गांभीर्याने शिकवतात.

कोणता शेअर घ्यावा हे शिकायचं असेल तर मात्र ही पदवी घेऊ नका, ते इथे शिकवत नाहीत.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातलं नाव वाचू नका, विषयांची यादी वाचा. रिअल अॅनालिसिस, संभाव्यता, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहेत का? शेवटच्या वर्षाला स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (काळासोबत यादृच्छिकपणे बदलणाऱ्या गोष्टींचं गणित) आहे का? हे नसतील आणि ‘व्यवस्थापन’ शब्द असलेलेच विषय जास्त असतील, तर सरळ गणिताची पदवी घ्या आणि फायनान्सचे एकदोन विषय जोडीला घ्या. फायनान्सची ओळख नंतरही होते, पण नोकरी लागल्यावर अॅनालिसिस शांतपणे शिकायला वेळ काढणं फार अवघड जातं. अकाउंटिंग रुक्ष वाटलं तरी टाळू नका, ताळेबंद वाचता न येणारा मॉडेल करणारा माणूस अर्धा आंधळा असतो. प्रोग्रॅमिंग पायथनमध्ये करा आणि पहिल्या वर्षापासून करा.

निर्णय घेण्याआधी एक करून बघा. वरच्या उदाहरणात व्याज शून्य धरलं होतं. ते वर्षाला ५ टक्के धरा आणि तेच गणित पुन्हा मांडा. उत्तर साधारण ९.५२ यायला हवं. आलं की मग स्वतःला विचारा, व्याज वाढल्यावर ऑप्शन महाग का झाला? या प्रश्नापाशी तुम्ही आपणहून तासभर बसलात, तर अर्ज भरा.