गॅरेज कट्टा : आधी पत्रा, मग पुट्टी, रंग सगळ्यात शेवटी

या वेळची बरीच पत्रं जुन्या स्पोर्ट्स कारच्या रंगकामाबद्दल आहेत. पावसाळा संपला की नाशिकमध्ये ताडपत्र्या निघतात आणि खाली काय झालंय ते दिसतं, त्याचाच हा परिणाम असावा. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वडिलांची १९६६ ची एमजीबी (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बंगल्यामागच्या शेडमध्ये वीसेक वर्षं पडून आहे. रंगाला फुगे आलेत आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उचलून लावावं लागतं. एक पेंटर म्हणतो, घासून, पुट्टी मारून पंधरा दिवसांत गाडी नवी करून देतो. द्यावी का?
— वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : पंधरा दिवसांत रंग होईल, गाडी होणार नाही. फुग्यांपेक्षा दाराची तक्रार गंभीर आहे. दार अर्धवट उघडा, टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरीत खेळ जाणवला तर पिन झिजली आहे, स्वस्तात सुटलात. खेळ नसेल तर सिल, म्हणजे दाराखालचा पेटीसारखा भाग, गेला आहे असं धरूनच चाला. एमजीबीला वेगळं चेसिस नाही. डोक्यावर पक्कं छप्परही नाही. त्यामुळे गाडीची बहुतेक ताकद दोन बाजूंच्या सिलमध्ये आणि दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्यात असते. सिल सडलं की गाडी मध्यावर खचते आणि दार कुलपापाशी अडतं.

बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि या जागा दाबून पाहा : सिलच्या खालची कड, जॅक लावायची जागा, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा (तिथे चिखल साचून राहतो), डिकीचा तळ आणि सीटमागच्या दोन बॅटरी पेट्या. हो, दोन. या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट केलेले असतात आणि ॲसिड सांडून पेट्या बहुधा खाल्लेल्या असतात. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक बाहेरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आत पुट्टी आहे, पत्रा नाही. बॉनेटला चुंबक चिकटलं नाही तर घाबरू नका, त्या काळच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे.

सिल बदलताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गाडी कशी टेकवली यावरून. मध्ये टेकू देऊन दोन्ही बाजू एकदम कापल्या की बॉडी वाकलेल्या स्थितीतच वेल्ड होते आणि मग दार कधीच बसत नाही. टेकू चाकांजवळ, सस्पेन्शनखाली द्या आणि गाडी लेव्हलमध्ये आणा. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप टाके मारून बसवा. हे सगळं दाराची फट सारखी करून झाल्यावर. मग एकच बाजू कापा. आतल्या मजबुतीच्या पट्ट्यांना १.२ मिमी, बाहेरच्या पत्र्याला ०.९ ते १ मिमी सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा लागतो. नवा तुकडा आधी फक्त टाक्यांवर धरा, आधाराचा पाइप काढा, दार लावून फट पाहा, आणि ती बरोबर असेल तरच पाइप परत लावून पूर्ण वेल्डिंग करा. ती बाजू संपल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. वेल्डिंग सीओटूने (म्हणजे मिग), ०.८ मिमी वायरने, एका वेळी २०-२५ मिमी, जागा बदलत बदलत. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते, पातळ पत्रा वाकतो. नुसता बाहेरचा पत्रा बदलून आतलं सडलेलं तसंच झाकणारे कारागीर भरपूर आहेत, म्हणून आतला भाग उघडा असताना स्वतः जाऊन पाहा आणि फोटो घ्या.

जुना रंग जेलसारख्या पेंट रिमूव्हरने काढा. तो सांध्यांत राहू देऊ नका, सहा महिन्यांनी तिथूनच नवा रंग सुटतो. सपाट पॅनेलवर सँड ब्लास्टिंग करू नका, पत्रा पापडासारखा उठतो. ब्लास्टिंग सस्पेन्शनच्या जाड भागांपुरतं ठेवा. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर कॉस्टिक असलेलं रसायन किंवा लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. कॉस्टिक धातू खातं, आणि ब्रशचे रुतलेले लोखंडी कण पुढे गंजून रंग उचलतात.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. १८० नंबरच्या सँडपेपरने घासा, ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन कोट द्या. गंज काढायला फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण वापरलं असेल तर ते धुऊन पत्रा पूर्ण वाळवा. आम्ल उरलं तर वरचा इपॉक्सी धरत नाही. पुट्टी इपॉक्सीवर मारा, उघड्या पत्र्यावर नको. पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी थेट लोखंडाला मिळतं, तुमचे आजचे फुगे बहुधा त्याचेच. १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून जास्त पिळला तर तो वरच्या रंगात डाग होऊन उतरतो. जाडी ३ मिमीच्या वर गेली तर डेंटरचं काम अपुरं आहे. पुट्टी कोरडीच घासा, ८०, मग १२०, मग १८०, लांब लाकडी ठोकळ्यावर कागद लावून. हाताच्या बोटांनी घासलेल्या जागी लाटा उमटतात आणि त्या गडद रंगात उन्हात लगेच दिसतात.

पुढे सरफेसरचे (घासून सपाट करायच्या जाड प्रायमरचे) तीन कोट, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा. घासताना जिथे काळं उरतं तो खड्डा, जिथे आधी उडतं तो उंचवटा. साध्या रंगासाठी ६०० आणि मेटॅलिकसाठी ८०० नंबरच्या वॉटर पेपरवर संपवा. एवढ्या आकाराच्या गाडीला, दाराच्या कडा, डिकी आणि इंजिनची जागा धरून, फवारायला तयार केलेला इपॉक्सी सुमारे ३ लिटर, सरफेसर ३ ते ४ लिटर आणि पीयू (पॉलीयुरेथेन) रंग ४ ते ५ लिटर पुरतो. रंगाला १.३ किंवा १.४ मिमीची नोझल, सरफेसरला १.७ च्या आसपास, अंतर एक वीत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणाऱ्याला पैसे देऊन असं काम करून घेऊ नका. बाहेरून हवा देणारा मास्क हवाच.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात : रंग पक्का झाला की सिलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा आणि खालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा. ती रंगाने बुजलेली असतात.

घरी काय करता येईल? सुटे भाग काढणं, रंग उतरवणं, घासणं. यातच निम्म्याहून जास्त मजुरी असते. सिलचं वेल्डिंग आणि शेवटची फवारणी मात्र जाणत्या माणसाकडे द्या.

प्रश्न : द्राक्षांच्या शेडमध्ये जागा करून जुन्या गाडीचं बॉनेट रंगवलं. रंग ओला असतानाच सगळीकडे वाटाण्याएवढे गोल खड्डे पडले. दोन कोट आणखी मारले, तेही तिथेच फाकले. रंग डुप्लिकेट निघाला का?
— वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : रंगाला दोष देण्याआधी शेडमधल्या फडताळाकडे पाहा. द्राक्षांच्या फवारणीत औषध पानभर पसरावं म्हणून जे स्प्रेडर मिसळतात त्यातले बरेच सिलिकॉनचे असतात. पृष्ठताण कमी करणं हेच त्यांचं काम, आणि सिलिकॉनचा एखादा कण पत्र्यावर असला तरी रंग त्याच्यापासून मागे सरतो. त्याच शेडमध्ये, त्याच चिंध्या आणि त्याच बादल्या वापरून रंगकाम केलं की हेच होणार. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशनेही हेच होतं.

ओल्या रंगावर आणखी कोट मारून खड्डा भरत नाही. पूर्ण वाळू द्या, पीयू असेल तर निदान दोन दिवस. घासण्याच्या आधी ग्रीस रिमूव्हरने पुसा, नाहीतर सिलिकॉन कागदाने पत्र्यात रगडलं जातं. दोन स्वच्छ सुती कापडं घ्या, एकाने ओलं लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्याने उचला. कापड सतत उलटा, आणि वापरून झालं की फेका. मग घासून खड्डे सपाट करा, परत पुसा, आणि पहिला कोट अगदी हलका, जवळजवळ कोरडा मारून वीस मिनिटं थांबा. दुकानात सिलिकॉनविरोधी थेंब मिळतात. ते नाइलाज झाल्यावरच, आणि एकदा घातले तर त्या भागाच्या प्रत्येक पुढच्या कोटात घालावे लागतात.

कॉम्प्रेसरही तपासा. टाकीचा खालचा नळ उघडून पाणी काढा. पाण्याचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून बसवला असेल तर उपयोग नाही, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेतच पुढे जातं. ट्रॅप पाच-सहा मीटर पाइपानंतर बसवा. बाकी, निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे किंवा रात्री रंग मारू नका. १० अंशांखाली हार्डनर जवळपास काम थांबवतो आणि दवामुळे चमक जाते. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ धरा. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालू नाही ना, तेही बघा.

प्रश्न : सॅन स्टॉर्म (भारतीय बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्स कार) घेतली आहे. दोनदा रंगवूनही दाराच्या वर आणि मागच्या दिव्याशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा परत येतात. शिवाय मागचे दिवे मंद जळतात.
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : ही गाडी फायबर ग्लासची. चिरा रंगात नाहीत, खालच्या जेलकोटमध्ये (फायबरवरच्या कडक वरच्या थरात) आहेत, आणि त्या जागी बॉडी अजून वाकते म्हणून परत येतात. मागून आधार दिल्याशिवाय त्या थांबणार नाहीत. आतल्या बाजूने १०० मिमीचा पट्टा ४० किंवा ६० नंबरने खरखरीत करा, ३०० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचे) दोन थर रेझिनने बसवा आणि रोलरने हवा काढा. बाहेरून प्रत्येक चीर व्हीच्या आकारात खोलून भरा. रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, वजन करून. कोबाल्टचं ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होऊ शकतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. रेझिन पूर्ण मुरायला एक आठवडा द्या, घाई केली तर मॅटचे धागे रंगातून उमटतात. रासायनिक पेंट रिमूव्हर फायबरवर चालत नाही, ते जेलकोट मऊ करतं.

दिव्यांचं कारण सोपं आहे. लोखंडी बॉडीतून अर्थ मिळतो, फायबरमधून नाही. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर शोधा, टोक घासा, आणि शंका असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र वायर ओढा.

प्रश्न : लाल एमजी पांढरी करायची आहे. आरटीओचं काय? ५० वर्षांवरील गाड्यांची व्हीए मालिका (व्हिंटेज नोंदणीचा, 'व्हीए' अक्षरांचा नंबर) घ्यावीच लागते का?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदीतला तपशील बदलायचा तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते, रंग त्यातच येतो. आधी अर्ज, मग रंग. आरसीवर नोंद झाल्यावर विम्यालाही कळवा.

२०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केला तर पात्रता जाते, तेव्हा ज्यांना गाडी नेहमी चालवायची आहे त्यांनी घाई करू नये.

आमचं मत विचाराल तर मूळ रंग शोधा. डॅशबोर्डखाली, दाराच्या अस्तरामागे, गालिच्याखाली तो सापडतो. टार्टन रेड आणि ओल्ड इंग्लिश व्हाइट हे दोन्ही त्या काळचे कारखान्याचेच रंग, पण तुमच्या गाडीचा कोणता ते ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. रंग घासताना चेसिस नंबरची पट्टी आधी काढून ठेवा. ती घासली गेली तर पुढची तपासणी त्रासाची होते.

प्रश्न : इंजिन रंगाआधी चालू करावं की नंतर?
— वाचक, सिडको

उत्तर : आधी. गळती, सिलिंडर हेड, क्लच काढायची वेळ आली तर नव्या रंगावर हत्यारं पडणार. स्टार्टर मारण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली हलकं ऑइल सोडा, दोन दिवसांनी पान्याने क्रँक हाताने फिरवून पाहा, अडलं तर जोर लावू नका. जुनं पेट्रोल टाकीतून काढा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने साठच्या दशकातले रबरी पाइप मऊ पडून फुगतात, ते सगळे आर-९ दर्जाचे (इंधन पाइपांचा हा दर्जा इथेनॉल सोसतो) नवे घाला. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणून बॅटरी जोडताना तारांचा रंग पाहून नव्हे, मीटर लावून खात्री करा.

ब्रेकचे पाइप आणि मास्टर सिलिंडरची रबरं न पाहता नवी बसवा, आणि तेही रंगाआधीच उरका. ब्रेक ऑइल पीयू रंगही मऊ करून उचलतं. चुकून सांडलंच तर कापडाने पुसत बसू नका, आधी लगेच भरपूर पाणी ओता.