वाचकांचे प्रश्न : गाणं तर हळू होतं, मग पोरानं हेडफोन का फेकला?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा १४ वर्षांचा, त्याला आवाज सहनच होत नाहीत. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात, गड्डा यात्रेच्या दारूकामाला तर आम्ही त्याला घेऊन सरळ बार्शीला माहेरी जातो. त्याच्या मामानं पुण्याहून सोल म्युझिकची एक प्लेलिस्ट पाठवली, म्हणाला लई निवांत गाणी आहेत. पहिली दोन गाणी पोरगा डोळे मिटून ऐकत पडला, मला तर रडूच आलं बघून. तिसरं ओटिस रेडिंगचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस', ते पण असंच हळू सुरू झालं म्हणून मी भाकरी टाकायला आत गेले आणि तीनेक मिनिटांत हेडफोन भिंतीवर! आता तो काहीच लावू देत नाही. कुठलं गाणं चालेल हे आधी ओळखायचं कसं ओ?
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : अहो, पोराचं काही चुकलं नाही आणि मामाचंही अर्धंच चुकलं, त्यानं बहुतेक गाण्याचं पहिलं मिनिट ऐकून प्लेलिस्ट केली असणार. हे १९६६ चं गाणं, नावात टेंडरनेस म्हणजे माया आहे, सुरुवातीला ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं अगदी संथ, मग मागे घड्याळासारखी टिकटिक, आणि मग ते जे चढायला लागतं की शेवटी ड्रम, ब्रास आणि ओटिसचं ओरडणं सगळं एकदमच अंगावर येतं. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेलमधून म्हणजे भक्तिगीतांतून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून १९५० च्या दशकात तयार झालं, त्यामुळे आपल्याकडे भजन कसं हळूहळू रंगत जातं आणि शेवटी सगळे उभे राहतात तसंच त्यातही आहे. ते चढणं हाच त्याचा जीव, पण तुमच्या मुलाला नेमकं तेच बाधतंय.

म्हणून माझं ऐका, गाणं निवांत आहे का हे बघूच नका, त्यात आवाजाची सगळ्यात मोठी उडी केवढी आहे ते बघा. आधी शेवटचं मिनिट ऐका, मग सुरुवात, मग मधलं. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकटचं ॲप मिळतं, त्याचा आकडा काटेकोर नसतो पण एकाच गाण्यातला फरक कळायला पुरतं. सुरुवातीपेक्षा शेवटी साधारण १० डेसिबल वाढले तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. मी हे उद्योग रात्री करते, कारण दिवसा आमच्या शेजारच्या बोअरची मोटर मध्येच चालू होते आणि सगळा हिशोब बोंबलतो.

सुरुवातही फसवते. जेम्स ब्राऊनचं १९६५ चं 'आय गॉट यू' सुरूच आरोळीनं होतं, ते तुमच्याकडे नकोच. मोटाउन ही १९५९ साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये निघालेली सोल गाण्यांची रेकॉर्ड कंपनी, तिची गाणी गाडीच्या आणि ट्रान्झिस्टरच्या छोट्या स्पीकरवर उठून यावीत अशी बनवलेली असायची, म्हणून त्यात टँबोरिन लई पुढे, आणि टँबोरिन म्हणजे काय तर आपली खंजिरीच की हो, आवाज लहान केला तरी टोचतेच. लाइव्ह रेकॉर्डिंग तर पहिल्या दिवसापासून बाद, टाळ्या कधी पडतील सांगता येत नाही.

मग लावायचं काय? मी बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' लावून बघेन, १९७१ चं, दोनच मिनिटांचं, मोठी उडी नाही. पण त्यात मध्ये 'आय नो' हे दोन शब्द ओळीनं २६ वेळा येतात, काही मुलांना अशी पुनरावृत्ती सुखाची वाटते आणि काहींना तीच डोक्यात जाते, ते आधी सांगून ठेवा. अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' पण बघा, ब्रास आहे पण ड्रम दबलेला आणि माणूस कानात कुजबुजल्यासारखा गातो. ओटिसचंच 'डॉक ऑफ द बे' मला फार आवडतं, समुद्राच्या लाटा वगैरे, पण त्याच्या शेवटी शिट्टी आहे, तोंडानं वाजवलेली असली तरी तुमच्या घरी शिट्टीचं प्रकरण आहे म्हणून शेवट कापून द्या.

ॲपमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलाइझ असं सेटिंग असतं ते चालू करा, पण त्यानं एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्यातला फरक मिटतो, गाण्याच्या आतली उडी तशीच राहते. फुकटच्या ॲपवर मध्ये दणकन जाहिरात येते, त्यापेक्षा गाणी विकत घेऊन फोनमध्ये ठेवलेली बरी. पहिले काही दिवस हेडफोन नको, खोलीच्या पलीकडल्या कोपऱ्यात छोटा स्पीकर ठेवा आणि बंद करायचं बटण त्याच्या हातात द्या. पुढे काय येणार ते आधी सांगायचं, 'आता दीड मिनिटांनी ड्रम वाढणार आहे' असं, आणि त्यानं बंद केलं तर का रे म्हणून विचारायचं नाही.

मी गाण्यातली माणूस, डॉक्टर नाही, तेव्हा एकदा कान-नाक-घसावाल्यांना आणि ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्यांना, दाखवाच. एक मात्र सांगते, मिरवणुकीत कानात बोळे घाला पण घरात शांत असताना दिवसभर घालू देऊ नका, त्यानं कान आणखी हळवे होतात.

प्रश्न : ३० वर्षं यंत्रमागावर काढली. आता निवांत गाणी ऐकतो तर हळू लावलं की शब्द कळत नाहीत, जरा मोठं केलं की कान फाटतात. पोरं म्हणतात बाबा नाटक करतात.
— एक निवृत्त कामगार, विडी घरकुल

उत्तर : काका, नाटक अजिबात नाही. मागाच्या खडखडाटात कानाच्या आतल्या पेशी गेल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच नाहीतर जास्तच लागतो, मधली जागाच कमी होते. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि जाताना पोरांना सोबत न्या, तिथं त्यांनाच समजावून सांगतील.

प्रश्न : ताई, आपले अभंग सोडून ही परदेशी गाणी कशाला?
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : अभंग लावा की, नाही कोण म्हणतंय! फक्त वरची परीक्षा त्यालाही लागू. दिंडीचं रेकॉर्डिंग असेल तर टाळ ह्या पोराला टँबोरिनपेक्षा दुप्पट टोचतील, त्यापेक्षा नुसती पेटी आणि एकच आवाज असलेलं शोधा, आणि तेही शेवटच्या गजरापर्यंत आधी स्वतः ऐकून.