अर्जाआधी नाव जुळव

खानापूरहून बेळगावला डिग्रीला येतोयस, छान! कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिपसाठी लगेच सायबरमध्ये पळू नकोस. आधी दहावीचं मार्क्सकार्ड आणि आधार शेजारी ठेव. एकावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं असलं की पुढे घोळ होतो. आधी आधार दुरुस्त कर.

- नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) जात-उत्पन्न दाखला काढ. मजकूर कन्नडात असला तरी त्यावरचा 'आरडी' नंबर (दाखल्याचा क्रमांक) अचूक उतरव. अर्ज भरायचं एसएसपी पोर्टल (राज्याचं स्कॉलरशिप संकेतस्थळ) तोच मागतं.
- बँकेत 'आधार लिंक आहे' म्हणाले की परतू नकोस, एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कुठल्या खात्याला जोडलेत, ते विचार. पैसे मॅपिंग असलेल्या खात्यातच पडतात. पुष्कळ पोरं उगाच दुसरंच पासबुक भरून बघत बसतात!
- कागदांचं ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) कॉलेजात आधी उरक.

बाकीच्या स्कॉलरशिपा सध्या राहू देत.