ज्वालामुखीच्या राखेत जळतं काय?

सिन्नरच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘राख म्हणजे जळून उरलेलं. मग ज्वालामुखीची राख कशी? तिथे दगड जळतो का? शब्द चुकीचा असेल तर बरोबर कोणता? आणि आपल्या नाशिककडच्या डोंगरांचा काळा दगड याच राखेचा का?’

दगड जळत नाही. वाटेत आलेलं झाड किंवा घर पेटेल, तो भाग वेगळा. खरं तर घोटाळा ‘राख’ या शब्दाच्या आधी ‘ज्वालामुखी’पासूनच सुरू होतो. हिमाचलात कांगड्याकडे ज्वालामुखी देवीचं देऊळ आहे. तिथे खडकाच्या फटीतून येणारा नैसर्गिक वायू खरोखर जळतो, पण तो डोंगर काही ज्वालामुखी नाही. खऱ्या ज्वालामुखीत जे लालबुंद दिसतं ते तापलेलं असतं, पेटलेलं नसतं.

मग राख कुठून येते? जमिनीखाली खोलवर शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, पाण्याची वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर चढू लागला की दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. रस पातळ असेल तर ते निसटून जातात. सिलिका जास्त असलेला चिकट रस त्यांना सोडत नाही, मग सगळ्याचा फेस होतो. त्या फेसात साधारण तीन चतुर्थांश जागा बुडबुड्यांनी व्यापली की तो फाटतो आणि त्याच्या चिंधड्या वर फेकल्या जातात. बुडबुड्यांच्या पातळ भिंती हवेत क्षणात थिजून काच होतात. आपण ज्याला राख म्हणतो ती ही काच, तिच्यात मिसळलेले स्फटिक आणि रस ज्या नळीतून वर येतो तिच्या भिंतींतून उखडलेल्या जुन्या खडकाचा चुरा.

सूक्ष्मदर्शकाखाली हा चुरा बराच बोलका असतो. कपच्या वक्र आणि धारदार असतील, काहींना तीन बुडबुड्यांच्या सांध्यावरचे तीन फाटे असतील, तर स्फोट वायूनेच घडवला असं धरतात. कण ठोकळ्यांसारखे, कोनदार आणि जवळजवळ बुडबुड्यांविना असतील तर तापलेल्या रसाला बाहेरचं पाणी भेटलं असावं: समुद्र, तळं किंवा हिमनदी. ओल्या राखेच्या ढगात कण एकमेकांना चिकटून गोळ्याही होतात. काचेत बारीक स्फटिकांची गर्दी किती आहे यावरून रस किती घाईने वर आला याचा अंदाज बांधतात. मोठ्या स्फटिकांच्या पोटात अडकलेल्या काचेच्या थेंबात तर पाण्याचं मूळ प्रमाण टिकून राहतं आणि त्यावरून रस किती खोलीवर साठला होता ते काढता येतं. मोठ्या तुकड्यांत पावाच्या वरच्या सालीसारखे तडे गेलेले दिसले, तर बाहेरची साल थिजल्यावरही आतले बुडबुडे फुगतच होते असं समजावं. मला यातला हाच तुकडा सगळ्यात आवडतो, कारण दोन टप्प्यांचा हिशेब त्याच्या अंगावरच असतो.

आता शब्दाकडे. ‘राख’ हा ‘रक्षा’पासून आला, आणि रामकुंडावर रक्षाविसर्जन पाहिलेल्या नाशिककराला त्याचा अर्थ सांगायला नको. ज्वालामुखीच्या राखेचे गुण मात्र अगदी उलटे. चुलीच्या राखेने पूर्वी भांडी घासत. या राखेने ती ओरखडतील. ती पाण्यात विरघळत नाही, भिजली की जड होऊन छपरं पाडते. १९८२ साली जावातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली, कारण काच आत वितळून पात्यांवर चिकटली. पुढे इंजिनं पुन्हा सुरू झाली म्हणून लोक वाचले.

तरीही ‘राख’ बदलू नये असं मला वाटतं. शास्त्रज्ञ अशा सगळ्या तुकड्यांना ‘टेफ्रा’ म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही राखच. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ती राख, ६४ मिलिमीटरपर्यंत लॅपिली, त्याहून मोठे ते बॉम्ब किंवा ठोकळे. अशा तुकड्यांच्या खडकाला मराठीत ‘अग्निदलिक’ असा शब्द आहे. तोंडात बसायला अवघड खरा, पण त्यात जळणं नाही, दळणं आहे, म्हणून नेमका. बातमीत ‘राख’ लिहा. फक्त ‘जळून खाक झालेला खडक’ लिहू नका.

आपल्या डोंगरांचं उत्तर बहुतांशी ‘नाही’ असं आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या पातळ बेसाल्टी लाव्ह्याचे थर. तो वाहिला आणि थिजला. तेव्हा त्या काळाबद्दल ‘स्फोट’ न म्हणता ‘उद्रेक’ म्हणावं. वायू पुष्कळसा शांतपणे निसटला, थोडा आत अडकला. त्याच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट या खनिजांचे स्फटिक वाढले; तुमच्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आहेतच. पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आजही वाचता येतो, त्याचं बरंच श्रेय या घट्ट पाषाणाला. उलट अंधेरीची महाकाली लेणी ब्रेक्शियात, म्हणजे तुकडे जुळून झालेल्या खडकात, कोरलेली आहेत आणि ती फार झिजली आहेत.

खरी राख पाहायची तर नाशिकहून पुण्याकडे निघा. आळेफाट्याच्या परिसरात, कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ राखेचा पांढुरका थर आहे. तो सह्याद्रीचा नाही. काचेची रासायनिक घडण सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी जुळते, म्हणजे हे कण समुद्र ओलांडून आले. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची ही राख, ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याच ठिकाणी अश्मयुगीन हत्यारंही सापडली आहेत, त्यामुळे राखेचं वय ठरलं की हत्यारांचंही वय सरकतं.