सकाळचा डबा, रात्रीचा तबला : नोकरदार आई-बाबांचे प्रश्न

आम्ही दोघंही सकाळी सातला घर सोडतो. रविवारी रात्री इडलीचं पीठ वाटून ठेवते, पण डिसेंबर-जानेवारीत ते सकाळपर्यंत फुगतच नाही. सोडा घालावा का? (एक वाचक, नाशिक)

सोडा नको. त्याने इडली फुगेल, पण आंबवल्याची चव येणार नाही आणि जरा जास्त पडला तर इडली पिवळट व साबणासारखी लागेल. तुमच्या पिठात बहुधा काहीच चुकत नाही, चुकते आहे ती वेळ. पीठ फुगवणारे जिवाणू उडदावर आधीपासूनच असतात. साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअसला ते आठ-दहा तासांत काम करतात, पण खोली वीस अंशांच्या खाली गेली की सोळा-अठरा तासही कमी पडतात. नाशिकच्या थंडीत तुम्ही पीठ नेमकं रात्री, म्हणजे सगळ्यात गार वेळी ठेवता.

म्हणून वाटण सकाळी करा. शनिवारी रात्री तीन वाट्या इडलीचा उकडा तांदूळ एका भांड्यात, तर एक वाटी गोटा उडीद आणि एक चमचा मेथी दुसऱ्या भांड्यात भिजत घाला. रविवारी सकाळी आधी उडीद वाटा. मिक्सरचं भांडं तापलं की उडदाचा फुगवटा जातो, त्यामुळे उडदाला गारच पाणी घ्या, तेही थोडं थोडं, आणि मध्ये मध्ये मिक्सर थांबवा. वाटलेल्या उडदाचा थेंब वाटीभर पाण्यात तरंगला की झालं. तांदूळ रवाळ ठेवा. तो वाटताना मात्र थंडीत कोमट पाणी चालतं, कारण तेवढीच ऊब पिठाला मिळते. दोन्ही एकत्र करून हाताने दोन मिनिटं फेटा. मीठ थंडीत आंबल्यावर घाला, उन्हाळ्यात आधीच. मिठाने आंबण्याचा वेग थोडा मंदावतो आणि उन्हाळ्यात तेच हवं असतं.

भांडं अर्धं रिकामं राहील एवढं मोठं घ्या. ते सहलीला नेतो तशा बर्फाच्या डब्यात किंवा मोठ्या झाकणाच्या पातेल्यात ठेवा आणि शेजारी कडक पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. दुपारी पाणी एकदा बदला. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवण्याची युक्ती जुन्या पिवळ्या बल्बलाच लागू पडते, एलईडीच्या दिव्याने ऊब मिळत नाही. आधीचं आंबलेलं पीठ असेल तर दोन-तीन चमचे त्यात मिसळा. रात्री झोपण्यापूर्वी पीठ फुगलेलं दिसेल, तेव्हा न ढवळता सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

सकाळी लागेल तेवढंच डावाने अलगद काढा. सगळं पीठ ढवळलं की आतला वायू निघून जातो आणि मंगळवारची इडली चपटी होते. कुकरातलं पाणी आधी उकळू द्या, मग स्टँड ठेवा. दहा-बारा मिनिटं वाफ आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून ओल्या चमच्याने सोडवा. गरम असतानाच ओढली तर ती साच्याला चिकटते, आणि आपण उगाच पिठाला दोष देतो. गुरुवारपर्यंत पीठ आंबट होतं, ते आप्प्यांना किंवा उत्तप्प्याला वापरा.

इडली दडस होत असेल तर उडीद जुना आहे किंवा कमी पडला आहे. मध्ये खड्डा पडत असेल तर पीठ पातळ झालं आहे.

कुकरच्या कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही. दुरुस्तीवाल्याकडे जायला वेळ नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

आधी रिंग पाहा. ती धुऊन तासभर फ्रीजरमध्ये ठेवली की तात्पुरती आक्रसते आणि त्या दिवसापुरता कुकर चालतो. ताणून लांबलेली, तडकलेली किंवा टणक झालेली रिंग मात्र बदलायलाच हवी. कुकरची कंपनी आणि लिटर सांगितले की भांड्यांच्या दुकानात ती मिळते. रिंग चांगली असूनही वाफ जात असेल तर झाकणाची किंवा भांड्याची कड वाकली आहे का, ते सपाट ओट्यावर ठेवून बघा. वाफेच्या नळीतून रोज आरपार उजेड दिसायला हवा. डाळीचा फेस तिथेच अडकतो, म्हणून डाळ शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवा. त्याजागी दुसरं काहीही कोंबू नका.

मुलं झोपली की अर्धा तास तबला वाजवतो. पावसाळ्यात तो उतरतो. हातोडीने चढवायला गेलो की एका बाजूला चढतो आणि दुसऱ्या बाजूला उतरलेला वाटतो. दर आठवड्याला तबलेवाल्याकडे नेणं जमत नाही. (एक वाचक, ठाणे)

पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं आवरण, बकरीच्या कातड्याची असते. दमट हवेत कातडं ओल शोषून सैल पडतं आणि सूर खाली येतो. हे दरवर्षी होणार, त्यामुळे स्वतः तबला लावायला शिकणं हाच खरा उपाय आहे. ते अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

पुडीच्या कडेभोवती विणलेला कातड्याचा वेढा म्हणजे गजरा. त्यावर वाद्यांच्या, म्हणजे ताण देणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांच्या, मधली सोळा घरं असतात. बहुतेक जण एका घरापासून सुरू करून गोल फिरत ठोकतात, आणि तुमची अडचण तिथूनच निघते. एका ठिकाणी ताण वाढला की शेजारच्या घरांचाही सूर हलतो. म्हणून समोरासमोरची घरं धरा. आधी एका घराजवळ पुडीच्या कडेला, किनारीवर ‘ना’ वाजवा, मग त्याच्या बरोबर समोरच्या, म्हणजे आठ घरं पलीकडच्या जागी. दोन्ही सारखी झाली की काटकोनातली दोन घरं घ्या आणि त्यानंतर मधली. ज्या घरी सूर खाली वाटेल तिथे गजऱ्यावर वरून खाली हलका ठोका द्या. सूर जास्त चढला असेल तर गजऱ्याला खालून वर ठोका. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे. किनारीवर एकदा जरी चुकून बसली तरी पुडी तिथून फाटू शकते.

सगळ्या घरांचा सूर अर्ध्या सुराहून जास्त उतरला असेल तर गजरा ठोकत बसू नका. आधी वाद्यांखाली बसवलेले आठही लाकडी गठ्ठे थोडे थोडे, सारखेच खाली घ्या, मग गजऱ्याने बारीक जुळवा. गठ्ठ्यांनी मोठा फरक पडतो, गजऱ्याने लहान. सूर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर धरला तरी चालेल, पण जी पट्टी, म्हणजे मूळ सूर, त्या पुडीसाठी ठरली आहे तिच्या आसपासच राहा. पेटीच्या काळी एकसाठी बनवलेला तबला त्याहून चढ्या काळी तीनला नेण्याचा हट्ट केला तर वाद्या तुटतात किंवा पुडी जाते.

गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने तबला तापवू नका. पुडीवरची काळी गोल शाई लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची, थरावर थर देऊन घोटलेली असते. ती एकदम सुकली की तिचे तुकडे सुटतात आणि मग शाई नव्याने भरावी लागते. त्यापेक्षा तबला वापरात नसताना झाकून कपाटात ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत टाळा. एसी असलेल्या खोलीत वाजवणार असाल तर पंधरा-वीस मिनिटं तबला तिथे नुसता राहू द्या, मग लावा. नाहीतर लावलेला सूर वाजवता वाजवता चढत जाईल.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पावसाळ्यात खाली घेतलेले गठ्ठे ऑक्टोबरच्या उन्हात परत वर घ्यायचे. हवा कोरडी झाली की कातडं आपोआप ताणलं जातं, त्यात गठ्ठ्यांचा ताण भर घालतो, आणि न वाजवताही पुडी फाटते.

रात्री आवाज कमी करायला तबल्यावर पातळ सुती रुमाल टाकता येतो, पण मग शाईचा नाद ऐकू येत नाही आणि हात चुकीच्या जागी पडायची सवय लागते. अर्ध्या तासात पुडी मोकळी ठेवून एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घ्या, उदाहरणार्थ ‘धाधातिट धाधातूना’, आणि तो विलंबित लयीत, दाब न देता वाजवा. हळू वाजवलं तर आवाजही फारसा जात नाही. हाताला पावडर लावत असाल तर अगदी थोडी. घामात मिसळून ती शाईवर बसते, म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने पुसा.

सकाळी सहाला केलेल्या पोळ्या दुपारी मुलाच्या डब्यात वातड होतात. मैद्याचं मिश्रण असेल का? (एक वाचक, सोलापूर)

बहुधा नाही. दोनच कारणं पुन्हा पुन्हा आढळतात : कणकेत पाणी कमी आणि तवा थंड. पाव किलो कणकेला साधारण १६० ते १७५ मिलिलिटर पाणी लागतं. चक्कीवर दळताना गव्हातला काही स्टार्च तुटतो आणि तो जास्त पाणी धरतो, म्हणून चक्कीच्या पिठाला यातलं वरचं माप घ्या. मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. घाईत हाच अर्धा तास आपण कापतो, आणि मग पोळी लाटताना आकसते, जाड राहते.

तवा इतका तापू द्या की पाण्याचे थेंब त्यावर नाचले पाहिजेत. पोळी मिनिटभरात भाजून व्हायला हवी. मंद आचेवर ती जितका वेळ राहते, तितकी तिच्यातली ओल उडते. घडीत तेल लावा. भाजल्यावर मिनिटभर निवू द्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात भरा. वाफ निघत असतानाच भरून झाकण लावलं तर डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं, वरची पोळी ओली होते आणि खालची कडक राहते.

कणीक रात्री मळून ठेवणार असाल तर जरा घट्ट मळा, कारण ती रात्रीत सैल पडते. वरून तेलाचा हात फिरवून झाकणबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. थोडी काळपट झाली तरी चिंता नको.

सासूबाईंचं काळं शिलाई मशीन मिळालं. मुलीचे फ्रॉक शिवायचे आहेत, पण कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिनचा स्क्रू फिरवून पाहिला. (एक वाचक, धुळे)

स्क्रूला हात लावू नका. गुंता खाली दिसला तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबाचा पाय वर उचला आणि दोरा पहिल्यापासून परत ओवा. पाय खाली असताना वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या बंद असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरत नाही आणि वर ताणच राहत नाही. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला आली पाहिजे. सुई उलटी बसली असेल तर टाके सुटतात. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले तीन-चार टाके घाला.

स्क्रू आधीच फिरवला असल्याने बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ (बॉबिन) बसते ती डबी, तपासा. बॉबिन घातलेली केस दोऱ्याने लोंबकळत धरा. ती जागेवर राहिली आणि हलका झटका दिल्यावर थोडी खाली सरकली, तर ताण बरोबर आहे. सरसर खाली गेली तर स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी आवळा.

मलमलला ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडाला १४, जीन्सला १६. कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला कापसाचा भुगा ब्रशने काढा. तेल मशीनचंच वापरा, प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब. खोबरेल कधीच नको : थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होतं आणि मशीन जड चालू लागतं. तुमच्या मशीनमध्ये कोणी ते आधीच घातलं असेल तर थोडं रॉकेल सोडून मशीन रिकामं चालवा, वर आलेला मळ पुसा, मग मशीनचं तेल द्या. हे करताना जवळ गॅस किंवा दिवा नसावा.

घरात लहान मूल आहे, तेव्हा काम झालं की चाकावरचा पट्टा उतरवून ठेवा. पायटा हलवला तरी सुई हलणार नाही.